आजाऱ्याचं फळ

आमच्या घरात सफरचंद यायचं ते कुणीतरी आजारी पडल्यावरच. त्यातही पायऱ्या होत्या. सर्दी-पडशाला काही नाही, तापाला मोसंबी, काविळीला उसाचा रस आणि ऑपरेशनला सफरचंद. भेटायला येणारा माणूस कागदाच्या पिशवीत चार सफरचंदं घेऊन आला की घरातल्यांना दुखण्याचं गांभीर्य कळायचं. एका सफरचंदाच्या आठ फोडी व्हायच्या. दोन आजाऱ्याला, बाकीच्या सहा त्याच्या उशाशी बसून आम्ही भावंडं संपवायचो. आठव्या वर्षी माझे टॉन्सिल काढले तेव्हा मला अख्खं एक सफरचंद एकट्याला मिळालं. ते बघून धाकट्या भावाने ‘माझेही काढा’ म्हणून दोन दिवस हट्ट धरला होता.

हे सांगायचं कारण असं, की गेल्या वर्षी आम्ही दोघं लेकीकडे नॉटिंगहॅमला गेलो. पहिल्या सकाळी मी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात आलो, तर गवतावर सफरचंदं पडलेली. दहा-बारा असतील. मला वाटलं, कुणाची तरी पिशवी फाटली. मी ती भराभर उचलून आत नेली आणि टेबलावर मांडून लेकीला म्हटलं, “अगं, एवढं महागाचं फळ असं बाहेर टाकून ठेवता?” ती म्हणाली, “बाबा, प्लीज. आणखी आत आणू नका.”

झाड मागच्या कुंपणापाशी होतं. लेक-जावई घर बघायला आले तेव्हा मे महिना होता आणि झाड गुलाबी-पांढऱ्या फुलांनी नुसतं डवरलं होतं. जावईबापूंनी भिंतींना ओल आहे का, छप्पर गळतं का, यातलं काही न विचारता त्या झाडाखाली उभं राहून घर पसंत केलं. फुलांची पुढे फळं होतात, हे शास्त्र त्यांना सप्टेंबरमध्ये समजलं. तेव्हापासून दर वर्षी ते सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑफिसात जरा जास्त वेळ थांबतात.

मी चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. समोर ढीग दिसला की मोजल्याशिवाय माझा हात थांबत नाही. पहिल्या नऊ दिवसांत खाली पडलेली सफरचंदं भरली ४१२. यात झाडावरची धरलेली नाहीत, आणि गांधीलमाश्यांनी पोखरलेली वेगळी. त्या माश्या आंबलेला गर खाऊन इतक्या झिंगायच्या की उडायचं सोडून चालत जायच्या. फळंही अशी तशी नाहीत. एकेक म्हणजे लहान मुलाचं डोकं म्हणणार नाही, पण ओंजळीत एकच मावेल. हिरवंगार, एका गालावर थोडी लाली.

मी एक चांगलं पुसून, मोठा घास घेतला. पुढची दोन मिनिटं मला नीटशी आठवत नाहीत. दात आंबले, डोळे आपोआप मिटले, कानामागे काहीतरी आवळलं गेलं. नात शेजारी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “आजोबा, ते खायचं नसतं. शिजवायचं असतं.”

इंग्लंडात सफरचंदांच्या दोन जाती पाळतात, एक खायची आणि दुसरी शिजवायची. आपल्याकडे कुणी ‘मी सफरचंद शिजवतो’ म्हणाला, तर लोक त्यालाच सफरचंदं घेऊन भेटायला जातील. हे जे झाड होतं ते ब्रॅम्ली, म्हणजे शिजवायच्या सफरचंदांतलं मानाचं पान. त्याचं गावही लांब नाही, नॉटिंगहॅमशरमधलंच साउथवेल. तिथे १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने घराच्या बागेत सफरचंदाच्या बिया लावल्या. एक रोप तगलं. मुलगी यथावकाश लग्न होऊन गाव सोडून गेली. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. १८५६ साली मेरीवेदर नावाच्या तरुण रोपवाटिकावाल्याने त्याच्याकडे कलमं करायची परवानगी मागितली. खाटिक म्हणाला, खुशाल कर, पण फळाला नाव माझं लागलं पाहिजे. झालं. बी पोरीनं लावलं आणि तेव्हापासून नाव चाललंय खाटकाचं. ही हकिगत ऐकून बायको एवढंच म्हणाली, “सासरी गेलेल्या पोरीच्या झाडाला कोण विचारतं?” आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसा काही तो बागेचा व्यवहार मीच केला होता.

मूळ झाड साधारण १९०० च्या सुमाराला वादळात कोसळलं. पण मेलं नाही. आडव्या पडलेल्या खोडातून पुन्हा फुटून उभं राहिलं. या झाडाचा चिवटपणा मला त्या अंगणात रोज सकाळी अनुभवायला मिळत होता.

तर प्रश्न होता विल्हेवाटीचा. लेकीने फाटकाशेजारच्या भिंतीवर एक खोका ठेवला आणि त्यावर पाटी लावली, ‘फुकट, हवी तेवढी घ्या’. मला ही कल्पना फार आवडली. मी खिडकीत खुर्ची घेऊन बसलो. माणसं यायची, खोक्यात डोकवायची, समजूतदारपणे मान हलवायची आणि पुढे जायची. कारण त्या रस्त्यावर प्रत्येक तिसऱ्या घरापुढे असाच खोका होता. ब्रॅम्लीचं एक विचित्र आहे. ते एकटं असेल तर फळ धरत नाही, परागासाठी आसपास दुसऱ्या जातीची सफरचंदाची झाडं लागतात. त्यामुळे ज्याच्याकडे ब्रॅम्ली पिकलंय त्याच्या शेजाऱ्याकडेही काहीतरी पिकलेलं असतंच. शेवग्याचं झाड असलेल्या माणसाने शेवग्याचं झाड असलेल्या माणसाला शेंगा द्याव्यात, तसा हा देण्याचा आनंद. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोका मोजला. आदल्या रात्री ३८ होती, आता ५१. कुणीतरी रात्रीतून आपली आमच्यात टाकून गेलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कॅशमध्ये अशी वाढ कधी निघाली नव्हती.

मग बायकोने पदर खोचला. “केक करते,” म्हणाली. तिचा दह्यातला रव्याचा केक आमच्या सोसायटीत प्रसिद्ध आहे. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून, झाकण लावून ती तो भाजायची, त्या काळापासूनची ख्याती. बिनअंड्याचा, त्यामुळे सगळ्यांना चालणारा. सगळ्यांना म्हणजे तोपर्यंतच्या सगळ्यांना. नात म्हणाली, “आजी, दही मला चालत नाही. मी व्हीगन आहे.”

पोरगी पंधरा वर्षांची. व्हीगन म्हणजे काय, हे तिने आम्हाला बोटांवर मोजून सांगितलं. मांस-मासे-अंडी नाहीत. यावर बायकोने मान डोलावली, हे आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालू आहे. दूध नाही. मान थांबली. दही, ताक, लोणी नाही. मध नाही. आणि मग अगदी हलक्या आवाजात, जशी काही कुणाच्या जाण्याची बातमी सांगावी तशी ती म्हणाली, “आणि आजी, तूप पण नाही.”

बायको खुर्चीवर बसली. “म्हणजे उपासाला काय खातेस?” हा तिचा पहिला प्रश्न होता. दुसरा, “वरणभातावर काय घेतेस?”

हे खूळ अमेरिकेतून आलं असणार, अशी माझी समजूत होती. नातीने तीही दुरुस्त केली. हा शब्द इंग्लंडातच १९४४ साली डोनल्ड वॉटसन नावाच्या एका सुतारकामाच्या मास्तराने आणि त्याच्या मंडळींनी रूढ केला. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची सुरुवातीची तीन अक्षरं घेतली, शेवटची दोन घेतली, मधला भाग काढून टाकला. मास्तर सुतारकामाचा, तेव्हा करवत चालवली यात नवल नाही. “आणि आजोबा, तो पंच्याण्णव वर्षं जगला,” नात म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तूप खाऊन पंच्याण्णव गाठलेला एखादा नातेवाईक मी बराच वेळ मनात शोधत होतो. एक मोरूकाका आठवले, पण ते एक्क्याण्णवाला गेले.

आता केकचं काय? नातीने सांगितलं की दह्याचा नको, इथल्या पद्धतीचा करू, त्यात अंड्याच्या जागी शिजवलेल्या सफरचंदाचा लगदा चालतो, एका अंड्याला साधारण ६० ग्रॅम. सगळ्यांचे चेहरे उजळले. एका दगडात दोन पक्षी, असं मी म्हणणार होतो, पण नात समोर होती. मी कागद घेऊन हिशोब मांडला. चार अंड्यांचा केक म्हणजे २४० ग्रॅम लगदा, म्हणजे सोलून-बिया काढून फार तर एक मोठं ब्रॅम्ली. ४१२ सफरचंदं संपवायला ४१२ केक. घरात माणसं पाच. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. घरातला उत्साह आकड्यांनी मारू नये.

पहिला केक ओव्हनमधून आला तो सुगंध असा, की शेजारच्या आजीबाई कुंपणावरून डोकावल्या. कापला तेव्हा सुरीला शिरा चिकटून आला. चव उत्तम, पण शिऱ्याची. सफरचंद ओलावा धरतं, पण अंड्यासारखं फुगवत नाही, त्यामुळे सोडा घालावा लागतो. दुसऱ्या खेपेला नातीने तो घातला आणि ब्रॅम्लीच्या आंबटपणाने तो असा काही फसफसला, की केक वाढून डब्याच्या काठावर आला. तिसऱ्या खेपेला जवस. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्यातल्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. बायको त्या वाटीकडे बघून म्हणाली, “या जवसाची मी चटणी करते तेव्हा कुणाला त्यात अंडं दिसलं नाही.”

खरी ठिणगी पडली ती काबुली चण्यांच्या पाण्यावरून. फ्रान्समधल्या ज्योएल रोसेल नावाच्या एका गायकाने २०१४ मध्ये शोधून काढलं, की डबाबंद कडधान्याचं पाणी घुसळलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. गायकाला हे कसं सुचलं असेल, ते मला अजून कळलेलं नाही. रियाझाच्या वेळी डबा हातात असेल. नातीला त्या पाण्याचा, साखर घालून, सफरचंदाच्या लगद्यावर पांढराशुभ्र थर द्यायचा होता. दोन डब्यांचं पाणी तिने भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवलं आणि शाळेत गेली. संध्याकाळी भांडं रिकामं.

“आजी, इथलं पाणी?”

“कट होता तो? त्याची आमटी केली दुपारी. आजोबांनी दोन वाट्या घेतल्या.”

हरभऱ्याच्या पाण्याची कटाची आमटी होते, हे आमच्याकडे पुरणपोळीइतकंच जुनं सत्य आहे. त्यातून फेस काढून त्याला फुलवायचं, म्हणजे तिच्या लेखी अन्न उधळणं. नातीच्या लेखी आजीने जगातला क्रांतिकारक शोध फोडणीला घातला होता. दोघी दोन तास एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी मध्ये पडून म्हणालो, “पण आमटी व्हीगनच होती ना?” नातीने विचारलं, “त्यात तूप होतं?” बायको म्हणाली, “वरून एक चमचा.”

त्या एका चमच्यावरून मला एक गोष्ट लक्षात आली. आपला सगळा स्वयंपाक त्या शेवटच्या चमच्यापर्यंत व्हीगनच असतो. पिठलं, भाकरी, ठेचा, भरली वांगी, मटकीची उसळ, कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, सगळं काही निर्मळ चाललेलं असतं आणि पानात वाढता वाढता बाटतं. मी हे बायकोला बोललो नाही. तिच्या दृष्टीने बाटण्याची व्याख्या अगदी उलटी आहे.

समेट झाला तो कस्टर्डने. नातीने सफरचंदाच्या फोडी साखर-दालचिनीत घालून त्यावर ओट, मैदा आणि वनस्पती लोण्याचा रवाळ चुरा पसरला आणि भाजला. याला तिकडे क्रंबल म्हणतात. त्यावर ओटच्या दुधात केलेलं कस्टर्ड. बायकोने डबा उचलून वाचला. कस्टर्ड पावडर! आपल्याकडच्या लग्नांतलं फ्रूट सॅलड ते हेच. नात म्हणाली, या पावडरीत अंडं नसतंच. बर्मिंगहॅमचा आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता, त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती, म्हणून त्याने १८३७ साली मक्याच्या पिठाचं कस्टर्ड शोधलं. बेकिंग पावडरही तिच्याचसाठी, कारण तिला यीस्टही सोसत नव्हतं. बायकोने चमचा खाली ठेवला. “बायकोसाठी,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, “दोन-दोन शोध.” मला मुगाच्या डाळीने पित्त होतं की नाही, हेदेखील आम्ही चाळीस वर्षांत ठरवू शकलेलो नाही. मी क्रंबल खात राहिलो.

एवढं करून किती संपली? सोळा. उरलेली मी जावयांच्या गॅरेजमध्ये वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, एकमेकांना न चिकटतील अशी मांडली होती. एक नासलं की शेजारच्यालाही नासवतं. घरात गुंडाळायला वर्तमानपत्र पुरेना, म्हणून मी रोज दोन विकत आणायचो. फुकटच्या सफरचंदांसाठी रोज दोन वर्तमानपत्रं. हा हिशोबही मी घडी करून खिशात ठेवला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, सोलाण्याने मी अठ्ठाविसावं सफरचंद सोलत होतो. समोर बायको बसली होती. तिने उगाच एक कच्ची फोड उचलली, समोरच्या ताटलीत सकाळच्या भाकरीबरोबरचं तिखट-मीठ होतं त्यात बुडवली आणि तोंडात टाकली. तिचा डावा डोळा मिटला. उजवा माझ्यावर रोखला गेला.

“अहो,” ती म्हणाली, “ही कैरी आहे.”

त्या वाक्यानंतर आमच्या लेकीच्या घरात वैशाख लागला. बाहेर तापमान अकरा अंश होतं. बायकोने सुटकेसच्या तळातून विळी काढली. ही विळी ती लेकीच्या बाळंतपणापासून प्रत्येक फेरीला नेते-आणते आणि दर वेळी विमानतळावर मला घाम फुटतो. किसणी निघाली. पहिल्या दिवशी तक्कू. कांदा-कैरी किसून, गूळ, तिखट आणि वर हिंगाची फोडणी. ब्रॅम्लीचा कीस घटकाभरात काळा पडतो म्हणून लिंबू पिळावं लागलं, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी आंबेडाळ. ती खाऊन जावईबापू, जे सहसा जेवताना मोबाइलमध्ये असतात, त्यांनी मोबाइल उलटा ठेवला.

मेथांबा मात्र फसला. कैरीच्या फोडी मुरतात, ब्रॅम्लीच्या विरघळतात. गुळात टाकल्यापासून चार मिनिटांत सगळ्याचा ढग झाला आणि मेथीचे दाणे त्यात नाव बुडालेल्या प्रवाशांसारखे तरंगत राहिले. बायको त्या कढईकडे फार निराश होऊन बघत होती. मग कढईत हात घालून काढावा तसा तिने त्यातून एक विचार बाहेर काढला. जे मेथांब्याला वाईट ते पन्ह्याला चांगलं. कैरी उकडा, साल काढा, कोळा, गाळा, ही सगळी उठाठेव इथे नकोच. सफरचंद उकळलं की आपणहूनच गर होतं. गूळ, वेलदोडा, केशर, चिमूटभर मीठ. इतकं सोपं पन्हं आयुष्यात केलं नाही, असं ती म्हणाली आणि मेथांब्याची जखम भरली. दुसऱ्या दिवशी तिने फोडी मोठ्या ठेवून, गुळात आधी घोळून, फोडणी शेवटी ओतून मेथांबाही जमवलाच.

नवरात्रात तिने हळदीकुंकू केलं. वास्तविक आंबेडाळ आणि पन्हं हा चैत्रगौरीचा थाट, पण आश्विनात देवीला चालत नाही असं कुठे लिहिलंय? लेकीच्या ओळखीच्या पाच-सहा मराठी मैत्रिणी आल्या. दोघींनी कैऱ्या कुठल्या दुकानात मिळाल्या ते खोदून खोदून विचारलं. बायकोने सांगितलं नाही. शेजारच्या आजीबाईही आल्या, कुंकू लावून घेतलं, पन्ह्याचा पेला घरी नेला. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी म्हणाल्या, फारच छान, आम्ही गरम करून घेतलं. बायकोचा चेहरा बघून मी लगेच हवेविषयी बोलायला लागलो. पण त्या सबंध दिवसात नातीने प्रत्येक पदार्थ दोनदा घेतला आणि एकदाही ‘यात काय आहे’ असं विचारलं नाही. बायकोला ते रात्री भांडी आवरताना कळलं. “अय्या,” ती म्हणाली, “तूप राहिलंच की.”

आणि मग ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात घरातली सफरचंदं संपली. गॅरेजमधली, झाडावरची, सगळी. लोणच्याच्या सहा बरण्या, मेथांब्याच्या नऊ, पन्ह्याचा गर फ्रीझरमध्ये. तरी बायकोला आणखी दहा हवी होती, कारण व्याह्यांना एक बरणी द्यायची राहिली होती. त्या संध्याकाळी काळोख पडल्यावर आम्ही दोघं मफलर गुंडाळून रस्त्याने फिरायला निघालो. मी पिशवी घेतली होती. प्रत्येक घरापुढच्या खोक्यापाशी बायको थांबायची, वाकून अंगठ्याने दाबून बघायची, “हे पिकलंय, हे नको,” म्हणत पुढे जायची. पाटीवर ‘हवी तेवढी’ लिहिलेलं असूनही मला उगाचच चोरासारखं वाटत होतं. एका घराच्या खिडकीत एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आम्हाला बघितलं आणि आनंदाने दोन्ही हात हलवले. त्या आनंदाची जात मी ओळखली.

जानेवारीत परत आलो. सामानात चार बरण्या, साड्यांत गुंडाळलेल्या. विमानात माझी कंबर धरली, ती पुण्यात उतरल्यावर सुटेना. आठवडाभर पडून होतो. वरच्या मजल्यावरचे जोशी भेटायला आले. हातात पिशवी, पिशवीत चार सफरचंदं, प्रत्येकाला पांढऱ्या फोमची जाळी आणि गोल स्टिकर.

“इम्पोर्टेड आहेत,” जोशी म्हणाले. “रोज एक खा.”

ते गेल्यावर बायकोने त्यातलं एक उचललं. जाळी काढली, अंगठ्याने दाबून बघितलं. आतून विळी आणून एक फोड कापली, तिखट-मिठात बुडवली, तोंडात टाकली. मी तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत होतो. तो मिटला नाही.

“गोड आहे,” ती म्हणाली आणि सफरचंद बाजूला ठेवलं. “काही उपयोगाचं नाही.”